दोन चाव्यांची वाटणी

१४ जाने. २००६, शिनोली
यांचं तेरावं उरकलं. भावकीतली माणसं ओसरीवर बसली आणि शेत, विहीर सोडून आधी गाडीची वाटणी केली. ताटात कुंकू लावून दोन चाव्या ठेवल्या. एक माझ्या दिराला, अशोकभाऊजींना. एक मला. "गाडी दोघांची, झाला न्याय." गाडी यांनी घेतली, मला चालवायला यांनीच शिकवलं, हे कुणी काढलं नाही. न्याय करणाऱ्यांना चहा मात्र मीच दिला.

२० जाने.
ड्यूटीवर रुजू. एस.टी.नं वरच्या वाडीतल्या उपकेंद्रात पोचेस्तोवर दुपार होते, म्हणजे गाडी आहे तोवर नर्सची नोकरी आहे. वाडीतल्या सुमनचे दिवस भरत आलेत. पहिलटकरीण, घाबरते. म्हटलं, कळा सुरू झाल्या की फोन कर, मी येते.
आत्याबाई (सासू) म्हणाल्या, "रांडमुंड बाईनं गाडी हाकायची म्हंजे लई झालं." झालं तर झालं.

३ फेब्रु.
अ. भाऊजींनी काल गाडी नेली होती. आज सकाळी सुमनच्या घरून फोन. धावत गेले. माझ्या चावीनं दार उघडलं, दिवे लागले. इंजिन सुरू झालं आणि लगेच बंद. परत तेच. समोर काट्यांशेजारी चावीचं लाल चित्र लुकलुकत होतं. भाऊजी ओसरीवर दात घासत उभे. "वहिनी, तुमच्या हाताला गाडी लागत न्हाई." आत्याबाई हसल्या. हे गेल्यापासून घरात पहिल्यांदा कुणी हसलं, ते मला.

४ फेब्रु.
काल मग एस.टी.नंच गेले. दुपारी पोचले तेव्हा सुमन मोकळी झाली होती. मूल रडलंच नाही. तोंडातला चिकटा कुणी काढला नव्हता. मी काढला असता. एवढंच काम होतं.
घरी सांगितलं. भाऊजी जेवताना, मान वर न करता: "तुमी असता तरी काय दिवे लावले असते?"
भाकरी वाढली त्यांना. वाढलीच.

१० फेब्रु.
मंचरला सलीमभाईंकडे. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात, यांच्या ओळखीचे. म्हणाले, चावीच्या काळ्या प्लास्टिकमध्ये बारीक चिप असते. चावी फिरवली की कुलपाभोवतीचं कडं तिला नंबर विचारतं. ओळखीचा निघाला नाही तर डॅशबोर्डखालची पेटी इंजिन बंद पाडते. दाराला न् दिव्यांना चिप लागत नाही, चावीचे दात जुळले की झालं.
"मग माझी चिप खराब झाली?"
"न्हाई ताई. मीच पुसली. तुमचे दीर आले व्हते. म्हणाले, वहिनीची चावी हरवली, चोराच्या हाती लागंल. मशीन लावली की जेवढ्या चाव्या समोर, तेवढ्याच गाडी ध्यानात ठेवती. बाकीच्या इसरती."
माणूस खजील झाला. मला कीव आली नाही. सध्या कुणाचीच येत नाही.

१६ फेब्रु.
भाऊजी दुसऱ्यांच्या जीपनं राजुरीला, लग्नाला. गाडी दारात. सलीमभाई मशीन घेऊन आले. मशीनला लागतो तो गाडीचा कोड यांच्या कपाटात होताच.
"दुसरी चावी?"
"हरवली."
किती सहज आलं तोंडातून. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग मशीनकडं. आत्याबाईंना सांगितलं, बॅटरी बघतायत.

१९ फेब्रु.
भाऊजी कडक इस्त्री करून साखरपुड्याला निघाले. गाडीत तेच न्यायवाले. इंजिन सुरू, बंद. सुरू, बंद. मी दारात जाऊन गोड आवाजात म्हटलं, "भाऊजी, तुमच्या हाताला गाडी लागत नाही." सगळे उतरून थांब्याकडं चालत गेले. भाऊजी वळून बघत होते. कळलं त्यांना.
बरं वाटलं. फार बरं वाटलं. सुमनचं मूल काही त्यानं रडलं नाही.

२ मार्च
आत्याबाईंना दम लागला. ओठ निळे. भाऊजी उंबऱ्यात नुसते उभे. मीच चावी उचलली. मागच्या सीटवर ते, आईचं डोकं मांडीवर. एका वळणावर वाटलं, हळू चालवावी. जरा उशीर म्हणजे काय ते भाऊजींनाही कळू दे. नाही चालवली. वाटलं मात्र. दवाखान्यात वेळेत पोचलो, ऑक्सिजन लावला.

५ मार्च
आत्याबाई शुद्धीत, बऱ्या. खाटेवरूनच म्हणाल्या, "त्याची बी चावी चालू कर गं. दोघांची हाय ना गाडी."
भाऊजींनी आपली चावी माझ्या हातावर ठेवली. "तुमीच न्या वहिनी. दोनी चालू करून आणा. चुकलं माझं."
सुमनचं नाव काढतील म्हणून थांबले जरा. ते नाव त्यांना ठाऊकच नाही.
सलीमभाईंना फोन केला, उद्या सुट्टी आहे, येते. त्यांनी विचारलं, "ताई, किती चाव्या चालू करायच्या?"
म्हटलं, आल्यावर सांगते.