बोलक्या डब्याची वाटणी

मी, खाली सही करणार, वय बहात्तर, धंदा कपड्यांना इस्त्री, गल्लीत 'इस्त्रीवाली मावशी' म्हणून ओळखली जाणारी, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. मुलाला शंका असेल तर त्याने डॉक्टरीणबाईंना विचारावे. त्या खाली साक्षीदार आहेत.

१. दुकान, त्यामागची खोली व बँकेतली शिल्लक ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. मुलाने दुकानात आजवर एक रुमालही दुमडलेला नाही.

२. मध्यंतरी मुलाने दुकानाचे पैसे फोनवर, पण स्वतःच्या खात्यात घ्यायची सोय केली. फोन माझे बोट ओळखेना; जन्मभर गरम कपडे दाबून बोटांवरच्या रेषाच गेल्या आहेत. "आई, तुला नाही जमायचं," म्हणत त्याने आपला अंगठा लावला आणि फोन खिशात घातला. आमच्या वेळी सही न येणाऱ्याला अंगठाबहाद्दर म्हणून हसत. आता पदवीधर दिवसभर अंगठे देत हिंडतात, अडाणी मात्र मी.

३. माझ्यापाशी राहिला बोलका डबा. गिऱ्हाइकाने पैसे भरले की तो ओरडतो, "पैसे मिळाले." दिवसभर ते ऐकायचे आणि संध्याकाळी गुडघ्याच्या औषधासाठी मुलापुढे हात पसरायचा. तो विचारी, "कशाला हवेत?" असे मला नवऱ्यानेही कधी विचारले नव्हते. फार लागले.

४. फोन आकड्यांनीही उघडतो, हे सूनबाईने तिच्या फोनवर दाखवले. एवढेच होते, तरी पोटच्या पोराला सांगवले नाही. शिकताना दूधवाल्याचे पैसे चष्मेवाल्याला गेले. भला माणूस, परत घेऊन आला. मग आम्ही दोघींनी दोघींच्या नावाचे खाते काढून डबा त्याला जोडला. तेव्हापासून मुलगा तोंड वाकडे करून दुकान विकायच्या गोष्टी काढतो.

५. म्हणून माझ्या पश्चात दुकान, खोली, शिल्लक व दोन्ही इस्त्र्या एकट्या सूनबाईच्या. जड इस्त्रीची मूठ सैल आहे, जपून धरावी.

६. मुलगाही माझाच आहे, त्याला रिकाम्या हाती पाठवणार नाही. बोलका डबा त्याला. तो त्याने घरी उशाशी ठेवावा, बंद करू नये. गिऱ्हाईक इकडे दुकानात पैसे भरील, डबा तिकडे त्याच्या कानाशी ओरडेल आणि पैसे सूनबाईच्या खात्यात पडतील. खर्चाला लागले तर तिच्याकडे मागावेत. तिने जरूर द्यावेत, पण आधी विचारावे, "कशाला हवेत?"

स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: ४ मार्च, सोमवार, दुकान बंद

साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई २. चष्मेवाला

सही, अंगठा नव्हे: इस्त्रीवाली मावशी