सोललेली अंडी

कृषी तुरुंग,
१३ जानेवारी

ति. शाजलियाताईस,
सादोकचा सप्रेम सलाम वि. वि.

प्रथम एक गंभीर तक्रार. गेल्या मंगळवारच्या टोपलीतली सहाही अंडी मजपर्यंत विवस्त्र अवस्थेत पोहोचली. उकडलेली, पांढरी, निर्लज्ज. त्यांची कवचं तू कुठे टाकलीस हा प्रश्न तुला क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याच्या हाती साऱ्या तुरुंगाच्या उष्ट्याखरकट्याचा कारभार आहे, त्याच्या दृष्टीने तो राष्ट्रीय हानीचा विषय आहे.

भेटीच्या वेळी तू जाळीपलीकडून विचारलंस की हे खताचं काय खूळ आहे. त्या गलक्यात उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहितो. खरकटं, भुसा, मेंढ्यांच्या लेंड्या आणि घाण्यावरून येणारा जैतुनाचा चोथा, असे थर रचायचे, पाणी शिंपडायचं आणि काही दिवसांनी सगळं उलथंपालथं करायचं. मग आतून वाफ निघते. अरबी व्याकरण शिकवून इतकी ऊब मला एकाही वर्गात निर्माण करता आली नाही. माझा जोडीदार बशीर हा गफ्साचा खाणकामगार. तो ढिगात सळई खुपसतो, बाहेर काढून पकडतो, आणि हात भाजला की समाधानाने म्हणतो, मास्तर, शिजतंय. अडचण एकच. चोथ्याने ढीग आंबतो. त्याला चुना हवा आणि तो अंड्याच्या कवचात असतो. तेव्हा यापुढे अंडी सभ्य पोशाखात पाठव.

तुरुंगाचे अधिकारी, मुलाज़िम साहेब, यांनी माझं नाव लवकर सुटकेसाठी वर पाठवलं आहे. समिती मार्चमध्ये बसेल. सगळं नीट झालं तर मार्चात मी घरी आणि एप्रिलात तुझा गुडघा डॉक्टरच्या हाती. तारीख पक्की केलीस ना? भाऊ सुटल्याशिवाय शस्त्रक्रिया करणार नाही, असं डॉक्टरला तोंडावर सांगून येणारी बाई तस्तूरमध्ये दुसरी नसेल.

हे पत्र तपासणाऱ्या साहेबांनाही सलाम.

लोभ आहे तेवढा राहू दे. भाकरीवरची हरिसा मात्र थोडी कमी कर, मिरचीने जीभ भाजते.

तुझा,
सादोक

तस्तूर,
२० जानेवारी

चि. सादोकला अनेक आशीर्वाद.

अंडी मी हौसेने सोलत नाही रे. दारावरचा पहारेकरी म्हणतो, कवचाच्या आत काय आहे ते दिसत नाही, सोलून आणा. माशाचे काटे काढून आणा. डाळिंबाचे दाणे काढून आणा. उद्या मला कुसकुस एकेक कण निवडून आणायला सांगेल, आणि मी आणीनही.

पण तू मागितलंस म्हणून गल्लीभर फिरले. शेजारची मनुबिया म्हणाली, लोक तुरुंगातल्या भावासाठी वकील शोधतात, तू कचरा शोधतेस. मी म्हटलं, माझा भाऊ विद्वान आहे, त्याला साधं काही चालत नाही. कवचं उन्हात वाळवली, खलबत्त्यात कुटली आणि तलम कपड्यातून चाळली. मैदा झक मारेल अशी झाली आहेत. पुडी करून उद्याच्या टोपलीत ठेवते, अगदी तळाशी, भाकरीच्या खाली, म्हणजे ओल लागायची नाही.

एप्रिलची तारीख घेतली आहे. आधी घेऊन काय करू? शस्त्रक्रियेनंतर दोन महिने अंथरुणात पडायचं, तर मंगळवारी तुझी टोपली कोण आणणार, मनुबियाची कोंबडी? भाड्याच्या लुआज गाडीतून उतरताना ड्रायव्हर हात देतो. चाललंय. शाळा तपासनिसाच्या पायावर खुर्ची आपटलीस, तेव्हा माझ्या पायांचा विचार केला असतास तर दोन्ही पाय वाचले असते, त्याचा आणि माझा.

अल्ला तुला सुखी ठेवो, आणि थोडी अक्कलही देवो.

तुझी,
शाजलिया

कृषी तुरुंग,
२ फेब्रुवारी

ति. ताईस,
सलाम वि. वि.

पुडी पोहोचली, पण माझ्यापर्यंत नव्हे.

तू चाळायला नको होतीस. जाडीभरडी असती तर पहारेकऱ्याने कोंबडी ओळखली असती. इथे मिळाली काय, तर पांढरी, तलम भुकटी, नीट घडी घातलेल्या कागदात, भाकरीखाली दडवलेली. मला बोलावलं, तेव्हा मुलाज़िम साहेब, पुडीत विंचू असावा इतकं अंतर राखून बसले होते. मी म्हटलं, हे अंड्याचं कवच आहे. ते म्हणाले, आजवर या टेबलावर आलेली प्रत्येक पुडी पोटाचं औषध तरी होती, नाहीतर मुलाचं दूध.

मी म्हणालो, "साहेब, हे मी पत्रातून मागवलंय. ते पत्र इथेच तपासून सोडलंय."

तपासणारे साहेब आले. जमिनीकडे बघत म्हणाले, "मास्तरांची पत्रं मी शेवटपर्यंत वाचत नाही."

माझ्या लेखनावर इतका प्रामाणिक अभिप्राय आजवर कुणी दिला नव्हता.

पुडी ट्युनिसच्या प्रयोगशाळेत गेली आहे. निकाल येईतो मला ढिगाकडे जाण्याची बंदी आहे. कोठडीच्या खिडकीतून ढीग दिसतो, तेच वाईट. बशीर मनाचा चांगला, पण पाण्याचा हात फार सढळ. काल वाफ दिसली नाही. आज मी खिडकीशी गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. शेवटी सोबतचे म्हणाले, मास्तर, बसा तरी, नाहीतर आम्हाला तरी उभं राहू द्या. हात रिकामे असले की डोकं नको ते उलथतं. समितीच्या आधी निकाल आला तर प्रश्न नाही. नाही आला तर, हे वाक्य मी पुरं करत नाही.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. मागणारा मी होतो.

माया असू दे, आणि पुढची अंडी बिनतक्रार सोलून पाठव.

सादोक

तस्तूर,
१० फेब्रुवारी

चि. सादोकला आशीर्वाद.

मलाही त्यांनी दाराशी बाकावर बसवून ठेवलं होतं. हा माल कुणी दिला, असं विचारत होते. मी म्हटलं, कोंबड्यांनी. कुणी हसलं नाही. घरी येईपर्यंत मलाही हसू आलं नाही. खलबत्ता माळ्यावर टाकून दिला आहे.

आईने तुला माझ्या हाती सोपवलं होतं आणि मी तुझी सुटका कुटून चाळून त्यांच्या हातात दिली. आता याच्यावर विनोद लिहू नकोस.

मंगळवारी येते.

शाजलिया

कृषी तुरुंग,
२८ मार्च

ति. ताईस,
सलाम वि. वि.

निकाल आला. अंड्याचं कवच, दुसरं काही नाही. मुलाज़िम साहेबांनी कागद वाचून दाखवला आणि डोळे वर न करता मला चहा मागवला. मात्र समिती आठवडाभर आधीच बसून उठली होती, आणि चौकशी चालू असलेल्याचं नाव तिच्यापुढे जात नाही. आता पुढची समिती ऑक्टोबरमध्ये.

ढिगावर परत गेलो आहे. आत सगळा चिखल झाला होता. मी आणि बशीरने तो फोडला, कोरडा भुसा घातला, पुन्हा रचला. बशीर सळईकडे बघतो आणि मग माझ्याकडे. अजून ऊब धरलेली नाही.

या महिन्याच्या चारही मंगळवारी तू जाळीपलीकडून मला सांगितलंस की गुडघा उत्तम आहे आणि एप्रिलचं ठरलेलं आहे. बशीरची बायको तुझ्याच गाडीने येते. तिने बशीरला सांगितलं, बशीरने मला. थांब्यापासून दारापर्यंत तू तीनदा रस्त्याकडेच्या दगडावर बसतेस. एकदा टोपली तिने उचलली, तर तू तिच्यावर ओरडलीस. आणि डॉक्टरची तारीख तू समितीच्या दुसऱ्याच दिवशी जाऊन मोडून आलीस.

बशीरच्या बायकोशी बोलणं झालं आहे. ती स्वतःच्या टोपलीत माझीही भाकरी आणील. तेव्हा येत्या मंगळवारी येऊ नकोस. त्यानंतरच्याही नको. डॉक्टरकडे जा आणि मिळेल ती तारीख घे. भेट झाली नाही तर मी मरत नाही. पत्रं आहेत, आणि ती आता शेवटपर्यंत वाचली जातात.

इथे लोभाचं नेहमीचं वाक्य लिहून सही करावी, असं मनात होतं. ते जमत नाही. ऑक्टोबरात सुटलो काय, पुढच्या वर्षी शिक्षा पुरी करून सुटलो काय, त्याची काळजी मला वाटते, पण थोडी. खरी भीती दुसरी आहे. मी बाहेर येईन त्या दिवशी तू अंथरुणातून उठू शकणार नाहीस, आणि ते माझ्या टोपलीपायी झालेलं असेल. ताई, मला याची फार भीती वाटते.

सादोक