पस्तिसाव्या हिश्शाचा माणूस

आई, तू माणूस करायला इतकी का नको म्हणायचीस ते मला आता कळतंय. विमानांची मॉडेलं तू हसतखेळत करायचीस. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये दुपारची भांडी आवरली की ओटा कोरडा पुसून त्यावर वर्तमानपत्र पसरायचीस, आणि संध्याकाळचा कुकर लावायच्या आत एखाद्या पंखाला पॉलिशपेपर मारून झालेला असायचा. किटचे सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटून येतात, ती चौकट तू कधी फेकली नाहीस. तिचा तुकडा मेणबत्तीवर धरायचा, मऊ झाला की दोन्ही हातांनी अलगद ओढायचा, केसाएवढी तार निघते, तीच विमानाची एरियल. मला ते इतकं आवडायचं की मी कॉलेजात जायला लागले तरी तुझ्याजवळ बसून नुसती तारा ओढायची.

तुमच्या ऑफिसात प्रदर्शनांसाठी मॉडेलं बनत, तो सेक्शन बंद झाला आणि तू व्हीआरएस घेतलंस. बाबांची नोकरी होती, क्वार्टर त्यांच्या नावावर होतं, म्हणून निभावलं. त्याच सुमारास कनॉट प्लेसच्या दुकानात परदेशी किट सर्रास मिळायला लागली, आणि रिटायर झालेले फौजी खोकी घेऊन आपल्या दारात यायला लागले. ते सांगायचे, आमच्या विमानाचा नंबर हा होता, इथे पंखाखाली ठिगळ मारलं होतं, या बाजूचा रंग उन्हाने उडाला होता. खोक्यातून निघणारं विमान सगळ्यांचं सारखंच असायचं, तू ते त्या एका माणसाचं करून द्यायचीस. फक्त माणूस करायची नाहीस. कॉकपिटची काच बंद, रणगाड्याची झाकणं बंद. कुणी फारच मागे लागलं तर म्हणायचीस, यंत्रात चूक झाली तर दुरुस्त करता येते.

मग ते आले, ज्यांना आपण सगळे ताऊ म्हणायचो. मानेसरकडच्या एका गावचे, सत्तरीचे, पांढरं धोतर आणि वर काळं जाकीट. त्यांच्या गावची शेतं कारखान्यांसाठी गेली होती. धाकटे मुलगे जुनं घर पाडून नवी बंगल्यासारखी कोठी बांधत होते, आणि तिच्यात थोरल्या मुलाची खोली नव्हती. तो थोरला रणगाड्यावर होता आणि मी जन्मायच्याही आधी लढाईत गेला होता. ताऊंना त्याचा रणगाडा हवा होता, वरचं झाकण उघडलेला, आणि त्यात कमरेपर्यंत बाहेर आलेला मुलगा. तू नाही म्हणालीस. नीट समजावून सांगितलंस, चहा दिलास, बसस्टॉपपर्यंत बाबांना पाठवलंस. पुढच्या रविवारी ते पुन्हा आले, त्याच्या पुढच्याही. मागायचे काहीच नाहीत. बाल्कनीतल्या वेताच्या मुढ्यावर बसायचे, बाबांशी गव्हाबद्दल बोलायचे, आणि निघताना तुझ्याकडे एकदा बघायचे.

मी कंटाळून म्हटलं होतं, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाच्या मॉडेलमध्ये डोकं येणार हरभऱ्याएवढं, दे ना कोणताही चेहरा, दिसणार कुणाला आहे? तू हातातली कानस खाली ठेवलीस. "त्यांना दिसेल," म्हणालीस. "आणि तुला एवढंही कळत नसेल तर इथून ऊठ." मी उठले नाही, पुढची तार ओढायला घेतली.

शेवटी तूच हरलीस. ताऊंकडे मुलाचा एकच फोटो होता, पासपोर्ट साइजचा, चेहरा धुरकट झालेला. तू तो भिंगाखाली धरून बघितलास, परत दिलास आणि विचारलंस, "ताऊजी, वो खड़ा कैसे होता था?" ताऊ स्वयंपाकघरात तुझ्या शेजारी येऊन उभे राहिले. ओट्याची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली, जशी झाकणाची कड धरावी. एक खांदा खाली गेला. मान जराशी तिरकी झाली, मागून कुणी हाक मारल्यासारखी. आई, मी ते डोळ्यांनी पाहिलंय. सत्तरीचा माणूस उभा आहे आणि समोर विशीतला पोरगा दिसतोय. तू भराभर पेन्सिल चालवलीस. चित्र पुरं झालं, तू पेन्सिल ठेवलीस, तरी ताऊ तसेच उभे होते, आणि तू त्यांना बसा म्हणाली नाहीस. चहावर साय धरली.

तांब्याच्या बारीक तारेवर पुट्टी चढवत तू तो मुलगा केलास. किती वेळा मोडलास कोण जाणे. तुझे डोळे त्या वर्षी फार बिघडले. ताऊ न्यायला आले तेव्हा त्यांनी चेहरा आधी पाहिलाच नाही. रणगाडा हळूच फिरवला, मागून पाहिलं आणि म्हणाले, "पीठ उसी की सै." पाठ त्याचीच. मग मिठाईच्या डब्यात कापूस घालून, डबा मांडीवर धरून ते बसने गावी गेले. त्या दिवशी तू शिरा केला होतास.

होळीनंतर ते तोच डबा घेऊन परत आले. मला वाटलं काहीतरी तुटलं असेल. ते म्हणाले, "बेटी, इसे नीचे उतार दे." सुनेने रणगाडा नव्या घरात टीव्हीवर ठेवला होता. जेवायला बसलं की समोर तो. आत्ता उतरेल, आत्ता उतरेल असं वाटत राहतं, आणि घास गिळवत नाही. एवढंच सांगितलं त्यांनी. तू ब्लेडने अगदी सांभाळून मुलगा सोडवलास, झाकण बंद करून चिकटवलंस. सुटा मुलगा कापसात गुंडाळून दिलास, तो त्यांनी जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवला. ते पुन्हा कधी आले नाहीत. तू हात धुतलेस आणि डाळ चढवलीस. काहीतरी बोलशील म्हणून मी तिथेच घुटमळत राहिले.

म्हणजे आई, मला माहीत आहे. हे करून काही हाती लागत नाही हे मी स्वतः पाहिलंय. तरी मी तुझं हत्यारांचं खोकं उघडून बसलेय.

तुझा नातू गेला, आई. तू गेलीस तेव्हा तो शाळेत होता, तुझ्या चष्म्याची काच पुसून द्यायचा. मोठा झाला, इंजिनियर झाला, मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत लागला. शनिवारी अर्धा दिवस असायचा. भर दुपारी मोटरसायकलवरून घरी येत होता, मागून डंपर आला. मला चेहरा बघू दिला नाही कुणी. सगळे म्हणाले, तसाच राहू दे मनात, जसा होता तसा. पण तो राहत नाहीये, तेच तर तुला सांगतेय. रोज थोडा थोडा पुसट होतोय. परवा त्याचा कान आठवेना, पाळी सुटी होती की चिकटलेली. मी दिवसभर मोबाईलमधले फोटो मोठे करकरून बघत बसले.

फोटो हजारो आहेत. पण मला हवा आहे तो त्यातल्या एकातही नाही. घरी आला की स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभा राहायचा, बॅग खांद्यालाच, आणि विचारायचा, "आज काय यार, पुन्हा दुधी?" असं उभ्या असलेल्या मुलाचा कोण कशाला फोटो काढेल? मी ती चौकट केली. आइस्क्रीमच्या काड्या तासून, अगदी मापात. चौकट छान झालीये, तू नावं ठेवली नसतीस. माणूस होत नाही. तार वाकवते, पुट्टी लावते, आणि कुणीतरी दुसराच उभा राहतो. वाळायच्या आत दाबून टाकते.

गेल्या रविवारी सकाळी तुझ्या ताऊंची आठवण झाली, म्हणून मीच चौकटीला टेकून उभी राहिले. डावा खांदा टेकवून, उजवा पाय पुढे. तुझा जावई पेपर घेऊन मागे आला. अशी का उभी आहेस, म्हणाला, आणि विचारता विचारता त्याला कळलं. मला वाटलं रागावेल, हे सगळं बंद कर म्हणेल. त्याने पेपर फ्रिजवर ठेवला. "डावा पाय," म्हणाला. "डावा पुढे असायचा. उजवा खांदा टेकवायचा तो." मी म्हटलं, नाही, बॅग उजव्या खांद्यावर असायची, मग तो टेकवेल कसा? तो म्हणाला, मी सोफ्यावरून रोज बघत होतो. मी म्हटलं, मी गॅसपाशी उभी राहून बघत होते. आम्ही भांडलो, आई. स्वतःच्या मुलाचा पाय कोणता, यावरून आम्ही आवाज चढवून भांडलो, आणि मग तो तिथेच चौकटीत खाली बसला. मी त्याला उठवू शकले नाही, मीही बसले. शेजारच्या घरात कुणीतरी मिक्सर लावला होता. तो थांबेपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो.

दोघांपैकी कुणाचं खरं ते सांगणारा आता कुणी नाही. तू असतीस तर आम्हा दोघांनाही उभं करून चित्र काढलं असतंस, आणि त्यातून तुझं तुला काहीतरी कळलं असतं. किंवा तू सरळ नाही म्हणाली असतीस. मी ताऊंसारखी दर रविवारी येऊन बसले असते तुझ्याकडे. तू मला इतकं शिकवलंस, तारा ओढायला, रंग पातळ करायला, खोटी धूळ बसवायला. आपलं माणूस हातातून निसटत असताना हात स्थिर कसा ठेवायचा, ते नाही शिकवलंस. कदाचित तुलाही येत नसेल. ताऊंचा तो मुलगा तुझा नव्हता.

हे कुठे पाठवायचं नाहीये, मला कळतं. मी कागदावर कागद लिहीत चाललेय. पुट्टी टेबलावर उघडी आहे, कडेने वाळायला लागली असेल. खरं सांगू? पत्र चालू आहे तोवर मला तिथे जाऊन बसावं लागत नाही, म्हणून मी ते लांबवतेय.