तपासलं, ठीक आहे

३ तारीख, सोमवार
नव्या नोकरीचा पहिला दिवस छान गेला. खिडकीजवळची जागा मिळाली. ही धाकट्या बहिणीचीच जागा. ती जाऊन चार महिने झाले. तिचं अर्धं राहिलेलं काम मीच मागून घेतलं.

काम चाचणीच्या खोलीचं आहे. आत उष्ण, दमट हवा कोंडून यंत्रं तपासतात. दार संगणकावर चालतं. तो सुरू होताना कर्नेल, म्हणजे त्याचा मूळ प्रोग्राम, सूचनांची एक ओळ वाचतो. त्यात एखादा अनोळखी शब्द आला, की पुढची अख्खी ओळ ‘मिळाली’ म्हणून गिळून टाकतो, करत काहीच नाही. दुरुस्ती दोनच ओळींची. ती तपासून मंजूर करायची.

४ तारीख
दुरुस्ती वाचली. बरोबर वाटते, पण चालवून बघितल्याशिवाय मंजुरी द्यायची नाही. विभागाच्या मॅडम हसून म्हणाल्या, दोन ओळींना दोन दिवस? तुमची बहीण पाच मिनिटांत उरकायची.

खोलीतला कीबोर्ड चिकट आहे. बटणांच्या फटींत पिवळट काहीतरी साचलंय. पुसलं, तर बोटांना आंबूस वास राहिला. साबणानेही गेला नाही. डबा तसाच परत नेला.

५ तारीख
सफाईच्या मावशी म्हणाल्या, रोज फिनेल टाकते, तरी दाराच्या रबरातून पाझरतंच. मग आवाज उतरवून म्हणाल्या, “दादा, ती आतच होती हो दोन दिवस. सुट्टी होती ना.”

आम्हाला घरी एवढंच सांगितलं होतं, की तिला हृदयविकाराचा झटका आला.

रबरात एक लांब केस अडकलाय. ओढला. ओला आहे. संपतच नाही.

६
जुन्या नोंदी काढल्या. तिने आतून संगणक अकरा वेळा बंद-चालू केला. अकराही वेळा टाइप केलं, डोअर=ओपन. ओळीत आधीच एक जुना, निरुपयोगी शब्द होता. त्यापुढचं सगळं गिळलं गेलं.

तो गिळणारा कोड तिनेच लिहिलेला, तीन वर्षांपूर्वी. घरी मला पाठवलं होतं. दादा, नुसती नजर टाक. मी न चालवता लिहिलं, तपासलं, ठीक आहे. खाली माझं नाव.

बेसिनमध्ये ओकलो. त्यात केस —

७, दुपार
आत आहे. दुरुस्ती चढवली. दार लावलं, नाहीतर तपासणार कसं? मावशी काचेपलीकडे उभ्या.

एकदाच टाइप केलं, डोअर=ओपन. पडद्यावर बारा वेळा आलं. बटणांखालून पिवळं वर येतंय, कोमट —

काच आतून धुरकट झाली. मावशी दिसत नाहीत. चाळीस अंश. वही ओली —

मंजुरीच्या रकान्यात आपोआप उमटलं. तपासलं, ठीक आहे. खाली तिचं नाव.

मी अजून दार —