टपावरचा लोखंडी कठडा

मालूच्या आईस,

मोटार घेऊन जसोंडीला निघालो. देवळातून आलीस की बरोबर येते म्हणशील, म्हणून थांबलो नाही. दगा लोहाराकडून टपावर सामानासाठी मजबूत लोखंडी कठडा बसवून घेतलाय. दगा हसला, "काका, वर हत्ती बसवता का?" म्हटलं, "केळीचे घड." खरं तुलाच ठाऊक. जावयांनी दुसरी बायको केली. आता मालूचा पलंग, पेटी, भांडी, आपण दिलेलं सगळं तिच्यासोबत परत आणतोय. सामान निंबोल्याला माझ्या बहिणीकडे उतरवीन. तू लिंबाला झोका बांधून ठेव. गल्लीला वाटू दे, लेक आखाजीच्या सणाला माहेरी आली. तिच्यापुढं रडू नकोस. जाताना गाडीत मी एकटाच आहे, माझं वाटेत उरकेल.