फक्त चार दिवस काज-बटण

तीर्थरूप रुपरावदादास,

धाकट्या कामिनीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता बरे असतील. नसले तर तेल लाव, मले सांगू नको. वहिनीले नमस्कार. आम्ही इकडे मनीषनगरात खुशाल आहो, असं लिहावं लागते म्हणून लिहून राहिली. (फोन काहून नाही केला, म्हणशील. कामाचं बोलणं निघालं का तुझी रेंजच जाते.)

तर झालं असं. आमच्या बचत गटाले शाळेचे गणवेश शिवाचं काम भेटलं. मले वाटलं कापड येईल, लेकरांचं माप घेऊ, शिवून देऊ. तर कापड वरूनच कापून आलं! लेकरं कोणी पाहिली नाहीत अन् माप घेऊन मोकळे. एका गठ्ठ्यात साऱ्या डाव्याच बाह्या. पहिलीच्या शर्टाची कॉलर अशी का लेकरू त्यातून आख्खं खाली पडावं, अन् चौथीची पँट पहिलीच्याले पोटरीवर येते. गाडीसोबत आलेल्या साहेबाले विचारलं तर मलेच म्हणे, "बाई, लेकरांसाठी केवढा निधी आला, माहीत आहे का?" म्हटलं, निधी आला असेल गा साहेब, उजव्या बाह्या नाही आल्या.

बाह्या उसवता-जोडता काज-बटण राहून गेलं. गटात काजाचं मशीन नाही, सारं हातानं. बायकांचे डोळे गेले (आमची अध्यक्ष जिजाबाई तर चष्म्यावर चष्मा घालते, तरी बटण पाठीवर लावते). मंग मी माझ्या वैभवीले म्हटलं, माय, तुझी नजर चांगली, फक्त चार दिवस बस. सातवीतली पोरगी, पण काज असा बारीक करते का शिंप्यानं पाहावं. ती बसली पोळ्याले. गणपती पाण्यात गेले, तरी बसूनच आहे.

परवा तिचे मुकुंद मास्तर आले, शाळेत न जाणाऱ्या लेकरांचा सर्व्हे घेऊन. दारातूनच ओरडले, "काहून वं वैभवी, शाळेत काहून नाही येत?"

पोट्टी मान वर न करता म्हणते कशी, "तुम्हीच म्हटलं न सर, गणवेशाशिवाय येऊ नका. तोच तर शिवून राहिली."

मंग मास्तर मले म्हणे, "कामिनीबाई, ही बालमजुरी होते." माझं डोकंच सरकलं! म्हटलं, "अन् साहेब येणार म्हणून ह्याच पोरीनं तुमच्या सतरंज्या झटकल्या, खुर्च्या वाहिल्या, ते काय होतं?" तर म्हणे, "ते श्रमसंस्कार." माझाच चहा पिऊन वरून सांगून गेले, "गणवेश लवकर द्या, फोटो काढाचा आहे."

मी तोंड वाजवलं खरं. पण मास्तर गेल्यावर वैभवी हळूच म्हणते, "आई, वर्गात आता अपूर्णांक होऊन गेले असतील न?" तेव्हापासून माझी शिलाई वाकडी जाऊन राहिली, दादा. उमरेडले बाबानं तुले असंच हातमागापाशी बसवलं होतं न? "चार दिवस सुताच्या कांड्या भर, मंग जा शाळेत." तिसरीत होता तू. ते चार दिवस अजून संपले नाहीत. (मले तर बाबानं चार दिवसांचं खोटंही नाही सांगितलं. सरळ शाळेतून काढून चुलीपाशी बसवलं.)

बाकी सारं ठीक. काही मागाले पत्र लिहिलं, असं समजू नको.

तुझी बहीण,
कामिनी

ता. क. – तुझं काजाचं मशीन धूळ खात पडलं आहे, असं वहिनी म्हणत होती. घेऊन ये.

आणखी एक – मशीन कोणाच्या हाती पाठवून मोकळा होऊ नको. मले ते चालवता येत नाही. तू ये, वैभवीच्या जागेवर बस. सोमवारी ती शाळेत जाणार, गणवेश झालेला असो का नसो. मास्तरले मी सांगून टाकलं का आता काज-बटण माझा भाऊ करते. गुडघ्याचं नाव घेशील तर याद राख, काजाले गुडघा लागत नाही.

शेवटचं – सोबत एक शर्ट पाठवून राहिली. तिसरीच्या गठ्ठ्यात निघाला. आख्ख्या शाळेत कोणाले होत नाही, तुले बरोबर होईल. खिशावर शाळेचं नाव आहे, उसवू नको. तोच घालून ये, म्हणजे गणवेश नाही म्हणून तुले कोणी हाकलणार नाही. वरचं एक बटण बाकी आहे. वैभवी सुई घेऊन बसलीच होती, मी लावू नाही दिलं. ते तू येऊन लाव.