सकाळी बोलणारी

अहो,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. सांजेला देवापुढे दिवा तेवढा आठवणीनं लावा. मी दोन दिवस धाकट्या बहिणीकडे जातेय.

आधी तुमची माफी मागते. दुपारी बारापर्यंत मौन पाळायचं, हे माझं व्रत अकरा वर्षांत एकदाही मोडलेलं नाही. तरी गेले आठ दिवस तुम्ही जेवताना म्हणता, “अगं, सकाळी तूच तर बोललीस!” मला वाटलं, तुम्ही मला वेड्यात काढताय. म्हणून आज उठल्याबरोबर मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि तो पिठाच्या डब्यामागे ठेवला. बारा वाजून गेल्यावर सगळं ऐकलं.

आवाज माझाच आहे. ती म्हणते, “टकलावर कंगवा कशाला? ओलं फडकं फिरवा की!” आणि तुम्ही खो खो हसता. माझ्याशी बोलताना इतके कधी हसलात, आठवत नाही. मग ती हळूच म्हणते, “रोज तिला कशाला सांगता? बिचारी घाबरते.” त्यावर तुम्ही म्हणता, “बरं बाई, आता नाही सांगणार.”

मी घाबरले नाही, देवाशप्पथ. मला नवलच वाटतंय. ती माझ्याबरोबर येते की या घरातच राहते, एवढंच बघायला चाललेय. उद्या सकाळी मी नसताना ती इथे बोलली, तर लगेच फोन करा आणि तिच्या हातात द्या. बारा वाजायची वाट पाहू नका. मी मौन मोडेन.

तुमची,
दुपारनंतरची